रात्री डॉक्टर, सकाळी बोगस

रात्री सव्वादोनला फोन वाजला.

“डॉक्टर, गाय उठंना. काल सांजच्याला व्यालीय. कान गार पडलेत. या की लवकर.”

मी डॉक्टर नाही. हे फोन करणाऱ्या आबांना माहीत आहे, त्यांच्या मुलाला माहीत आहे, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दहावीनंतर पशुसंवर्धनाची पदविका केलेली मी एक बाई आहे. एका दूध संघासाठी कृत्रिम रेतनाचं काम करते आणि उरलेल्या वेळात गोठ्यागोठ्यांतून फिरते. पण लाखाची गाय दावणीला पसरलेली असते तेव्हा कुणी ‘पदविकाधारक, लवकर या’ असं म्हणत नाही.

स्कूटरवर मागे नवरा बसला, बॅटरी आणि बादली धरायला. आमच्याकडे, संगमनेर तालुक्यात, रात्रीच्या व्हिजिटला बाईने एकटीने न जाण्याची दोन कारणं आहेत. एक बिबट्या. दुसरं तुम्ही ओळखलंच असेल. त्या दोघांत बिबट्या बरा, उजेड पाहून तो बाजूला तरी होतो.

गाय मान पोटाकडे वळवून बसली होती. थर्मामीटर लावला: ९९, म्हणजे असायला हवा त्यापेक्षा दोन-अडीच अंशांनी कमी. व्याल्यावर चिकाबरोबर अंगातलं कॅल्शियम एकदम कासेत उतरतं, रक्तातलं कमी पडतं आणि धडधाकट गाय लुळी पडते. पुस्तकात याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर आहे, पण अंग मात्र थंड असतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी काम करणं अपेक्षित आहे, त्यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग ४५० मिलीची बाटली गरम पाण्याच्या बादलीत कोमट केली, मानेच्या शिरेत सुई घातली आणि एका हाताने नळी चिमटीत धरून स्टेथोस्कोप गायीच्या छातीला लावला. कॅल्शियम घाईने सोडलं तर हृदय थांबतं. त्यामुळे थांबत थांबत, ठोके ऐकत ऐकत सोडायचं. आधी गायीच्या अंगावर कापरं आलं, मग ढेकर आली, मग तिने शेण टाकलं. शेण बघून इतका आनंद होणारी माणसं जगात थोडीच असतील. पावणेचारला ती उठून उभी राहिली. काकूंनी आधी तिला हळदकुंकू लावलं, मग मला चहा दिला.

आठवड्याभराने एका वर्तमानपत्रात बातमी आली: ‘तालुक्यात बोगस पशुवैद्यकांचा सुळसुळाट’. पदवी नसताना उपचार करणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, अशी कुणीतरी मागणी केली होती. ती बातमी गावाच्या ग्रुपवर कुणी टाकली असेल? आबांच्या मुलाने. वर लिहिलं होतं, “सर्वांनी सावध राहा.” खाली सतरा अंगठे. त्यातल्या अकरा जणांच्या गायी मी भरवलेल्या आहेत. मोजल्या मी. राग आल्यावर माणूस काहीही मोजतो.

त्या मुलाशी मी भांडले नाही. त्याचं काही चुकलंय असंही मला वाटत नाही. कायद्याच्या भाषेत त्याने बरोबर तेच लिहिलं होतं. माझं भांडण आहे ते, रात्री सव्वादोनला मला गोठ्यात उभं करणाऱ्या आणि सकाळी दहाला मी तिथे नव्हतेच असं लिहिणाऱ्या कागदाशी.

तो कागद म्हणजे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४. त्यातलं कलम ३० सांगतं की नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणीही जनावरांवर उपचाराचा व्यवसाय करायचा नाही. पुढे एक सवलत आहे. माझ्यासारख्या पदविकाधारकांना ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं; तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या निर्देशांनुसार. किरकोळ म्हणजे काय? लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक मदत. त्यात आणखी काय घालायचं ते राज्याने अधिसूचना काढून ठरवायचं. दाखला देता येणार नाही, सही चालणार नाही.

आता सांगा, रात्री लुळी पडलेली गाय किरकोळ आहे का? अजिबात नाही. मी तिच्या शिरेत जे सोडलं ते मलमपट्टीत बसत नाही. म्हणजे कागदाप्रमाणे मी काय करायला हवं होतं? आबांना सांगायचं होतं, “डॉक्टरांचा फोन बंद आहे, सकाळी नऊला दवाखाना उघडेल.” अशी गाय सकाळी नऊपर्यंत थांबतेच असं नाही. ती आडवी पडते, पोट फुगतं, श्वास अडकतो.

आणि ज्यांचा फोन बंद होता ते डॉक्टरही कुणी कामचुकार नव्हेत. त्यांच्याकडे स्वतःचा दवाखाना होता, शिवाय दोन रिकाम्या दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार होता. दिवसा लसीकरण, आढावा बैठक, अहवाल, शवविच्छेदन, विम्याचे दाखले. माणूस झोपणार कधी? त्यांनी फोन बंद ठेवला याचा मला राग येतो, पण त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला असता. मुद्दा असा की कायद्यातला ‘देखरेख’ हा शब्द त्या बंद फोनवर उभा आहे. १९८४ पासून उभा आहे.

शहरातल्या मैत्रिणी विचारतात, तू नक्की करतेस काय? त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्यातलं पेट क्लिनिक असतं. एसी, स्टीलचं टेबल, गोल्डन रिट्रीव्हर. तिथेही माझ्यासारखी माणसं आहेत. कुत्र्याचं तोंड धरणारी, शीर शोधणारी, मेलेलं मांजर चादरीत गुंडाळून बाईंच्या हातात देणारी. बिलावर त्यांचं नाव नसतं. पण ते जग मी बाहेरूनच पाहिलंय. माझं जग गव्हाणीच्या अलीकडे सुरू होतं.

सकाळी सहाला फोन सुरू होतात: “ताई, माजावर आलीय.” सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. रेतमात्रेच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये असतात, उणे १९६ अंशांवर. एक काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, गनमध्ये भरायची. मग डावा हात खांद्यापर्यंत गायीच्या गुदद्वारात घालून आतून गर्भाशयाचं तोंड चिमटीत पकडायचं आणि उजव्या हाताने गन आत सरकवायची. डोळ्यांनी काहीच दिसत नाही. सगळं बोटांनी बघायचं. तोवर गाय ढकलते, बसते, शेपटी तोंडावर मारते, हात आत असताना कळ काढते. दिवसाला अशा आठ-दहा. माझा डावा खांदा चाळिशीच्या आधीच सासूबाईंच्या गुडघ्यासारखा झालाय.

गाय गाभण राहिली तर बैलाचं नाव होतं. उलटली तर माझं. गायीला खुराक नाही, खनिज मिश्रण नाही, माज कधी सुरू झाला ते कुणी पाहिलेलं नाही, तरी “ताई, तुमचा हात बरोबर नाही.” हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतेय. पुरुष सहकाऱ्यांना म्हणे “कांडी खराब होती” असं म्हणतात.

बाई असण्याचं पुराण इथे लावत नाही. दोनच गोष्टी सांगते. दिवसभर फिरताना लघवीला कुठे जायचं हा प्रश्न कुठल्याच प्रशिक्षणात नसतो, म्हणून मी पाणी कमी पिते, आणि त्याचे परिणाम माझ्या डॉक्टरांना माहीत आहेत, माणसांच्या. दुसरं, गाय भरवताना बघायला जेवढी गर्दी जमते तेवढी माझ्या पुरुष सहकाऱ्याच्या वेळी जमत नाही.

धोक्याचं मात्र नीट सांगायला हवं, कारण त्यावर कुणी बोलत नाही. गायीची वार अडकली की फोन येतो. पूर्वी आम्ही सर्रास हात घालून वार काढायचो. गर्भपात झालेल्या गायीची वार उघड्या हाताने काढणं म्हणजे ब्रुसेलोसिसला आमंत्रण. माणसाला हा आजार झाला की ताप येतो-जातो, रात्री घाम सुटतो, सांधे धरतात, आणि गावातला डॉक्टर महिनोन्‌महिने मलेरिया-टायफॉइड शोधत बसतो. बरं, या रोगाची लस वासरांना द्यायची तर ती जिवंत जंतूंची असते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ती टोचायची. कालवड उडी मारते, सुई आपल्याच अंगठ्यात जाते, आणि जो रोग थांबवायला आपण आलो तोच आपल्याला होऊ शकतो. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्याविरुद्धचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत मोठ्या समारंभाने सुरू झाला. चांगली योजना आहे, मी तिचं काम केलंय. एका शिबिरात मला दोनशे मात्रा मिळाल्या आणि हातमोज्यांचे चार जोड. चष्मा मागितला तर साहेब हसले. “उन्हाचा का?”

एकदा एक गाय लाळ गाळत होती. मालक म्हणाले, घशात काहीतरी अडकलंय, उसाचं कांडं असेल. मी हात घातला. घशात काही नव्हतं. तिचा आवाज बसलेला होता, गिळता येत नव्हतं, आणि डोळ्यांत एक विचित्र भाव होता. तो मला तेव्हा वाचता आला नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. मग मालकांना आठवलं की महिन्यापूर्वी पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं होतं. माझ्या नखांभोवती नेहमीप्रमाणे चिरा पडलेल्या. ग्रामीण रुग्णालयात सिस्टरनी विचारलं, “कुठे चावलं कुत्रं?” मी म्हटलं, “कुत्रं नाही, गाय. आणि चावली नाही, मीच तिच्या तोंडात हात घातला.” त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. रेबीजची लस चावायच्या आधीही घेता येते. जनावरांत काम करणाऱ्यांनी ती घ्यायची असते. मला हे पदविकेत कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत कुठल्याही कार्यालयाने ती दिली नाही, कारण कुठल्याच कार्यालयाच्या हजेरीपटावर माझं नाव नाही.

आता दुसरी बाजू. पदवीधर पशुवैद्यकांच्या संघटना म्हणतात की पदविकाधारक आपल्या मर्यादा ओलांडून उपचार करतात आणि त्याने नुकसान होतं. माझे सहकारी हे ऐकलं की चिडतात. मी चिडत नाही, कारण ते निम्मं खरं आहे.

आमच्यातले कितीतरी जण ताप दिसला की अँटिबायोटिक टोचतात. कोणतं? डिकीत असेल ते. किती दिवस? शेतकरी पैसे देईल तेवढे. कासदाहाचं औषध सडात सोडल्यावर ठरावीक दिवस ते दूध विकायचं नसतं. आम्ही हे सांगतो का? सांगतो, पुटपुटल्यासारखं, कारण शेतकरी ते दूध ओतून देणार नाही हे आम्हाला माहीत असतं. ते दूध तुमच्या चहात येतं. गिधाडं संपवणारं डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ मध्येच बंद झालं, तरी माणसांसाठी बनवलेलं तेच औषध गायींना टोचताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हे सगळं चूक आहे. आणि तीन महिन्यांचा कसलातरी कोर्स करून गळ्यात स्टेथोस्कोप अडकवणारेही आहेतच. त्यांच्यात आणि माझ्यात फरक आहे, पण तो फरक तपासायला गोठ्यात येतो कोण?

तेव्हा डॉक्टरांच्या तक्रारीशी माझं भांडण नाही. त्यांच्या उपायाशी आहे. उपाय काय? गुन्हे दाखल करा, बंदी घाला. बंदीने रात्रीचे फोन थांबणार नाहीत. ते दुसऱ्या कुणालातरी जातील, माझ्यापेक्षा कमी शिकलेल्याला. किंवा जाणारच नाहीत, आणि आबा गायीला गूळ-तेल पाजून सकाळची वाट बघतील.

आणि आता जे सांगायचं टाळत होते ते.

चार वर्षांपूर्वी अशीच एक गाय. व्यालेली, बसलेली, उठत नाही. माझी त्या दिवसातली बारावी व्हिजिट, पाऊस, वीज गेलेली. लांबूनच पाहून मी ठरवलं, दुग्धज्वर. थर्मामीटर पर्समध्ये होता. काढला नाही. मोबाईलच्या उजेडात शीर शोधली आणि कॅल्शियम सुरू केलं. निम्मी बाटली गेली असेल. गायीने एकदा मान वर फेकली, पाय ताणले आणि संपली. सुई शिरेतच होती.

नंतर कासेला हात लावला. एक सड दगडासारखा घट्ट. पिळला तर दुधाऐवजी लालसर पाणी. तो दुग्धज्वर नव्हताच. जहरी कासदाह होता, सगळ्या अंगात विष भिनलेलं. अशा गायीचं हृदय आधीच दमलेलं असतं, शिरेतून कॅल्शियम दिलं की थांबू शकतं. थर्मामीटर लावला असता तर पारा वर दिसला असता आणि मी थांबले असते. अंग थंड की गरम, एवढाच प्रश्न होता. एक मिनिटाचं काम.

मालकांना मी म्हणाले, “हार्ट फेल झालं, मामा.” खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मामांनी माझ्यासमोर हात जोडले. “तुम्ही आलात तरी ताई, एवढ्या पावसात.” ती त्यांच्या गोठ्यातली दोनांतली एक गाय होती. विमा नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटले, तेच तीन दवाखाने सांभाळणारे. त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी एकच विचारलं, “ताप किती होता?”

मी म्हणाले, “१०१.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं की त्यांना कळलंय. मी खरं बोलले असते तर त्यांना पुढचं विचारावं लागलं असतं: कुणाच्या निर्देशावरून दिलंस? त्यावर माझं उत्तर असतं: सर, तुमचा फोन लागत नव्हता. मग दोघंही अडकलो असतो. म्हणून त्यांनी चहा मागवला.

कुठल्याही रजिस्टरात ती गाय नाही. तिचा उपचार झालाच नाही, कारण तो करण्याचा मला अधिकार नव्हता. जो उपचार झाला नाही त्यात चूक कशी होणार? आणि जी चूक झालीच नाही तिच्यातून कोण काय शिकणार? मी शिकले, माझ्यापुरती. शेजारच्या तालुक्यातला माझा वर्गमित्र शिकला नाही, कारण त्याला सांगायची माझी हिंमत नव्हती. त्यानेही कदाचित असंच एखादं जनावर मारलं असेल आणि मला सांगितलं नसेल. बोगस हा शब्द मला का झोंबतो ते आता कळलं असेल. चांगलं काम केलं तरी लपवायचं, वाईट केलं तरी लपवायचं. लपवण्याची ही सवय मी जन्माला येताना घेऊन आले नव्हते.

लोक म्हणतात, डॉक्टर वाढवा, प्रश्न सुटेल. वाढवाच. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा असं म्हटलं होतं, आणि तिथवर पोचायला २००० सालापर्यंतची मुदत धरली होती. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख जनावरं निघाली. शेळ्या-मेंढ्या वगळून नुसत्या गायी-म्हशी धरल्या तरी २ कोटींच्या घरात. हिशेब तुम्हीच करा, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असतोच. पण उद्या हव्या तेवढ्या जागा भरल्या तरी रात्री सव्वादोनला प्रत्येक गोठ्यात पदवीधर डॉक्टर उभा राहणार आहे का? १९६२ क्रमांकाची फिरती पशुवैद्यकीय पथकं आली, चांगलं झालं. आमच्या आबांना तो नंबर पाठ आहे. त्यांनी तो रात्री लावून पाहावा, एवढंच म्हणते.

गरज पडली की आम्ही बोगस नसतो, ही गंमतही सांगून टाकते. २०२२ मध्ये लम्पी आला. गायींच्या अंगावर गाठी, पाय सुजलेले, वासरं दूध पिईनात. रोज कुठेतरी जेसीबीने खड्डा खणायचा. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत आम्ही वस्त्या-वस्त्या पालथ्या घातल्या. ज्या कार्यालयाने वर्षभर आधी आमच्यावर कारवाईचं पत्र काढलं होतं, तिथूनच फोन आला: “मॅडम, उद्या सकाळी सातला या, माणसं कमी आहेत.” गेलो. पुन्हा बोलावलं तरी जाऊ. त्या दिवसांत गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही.

गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. ते अ‍ॅपमध्ये टाकले की तिचं रेतन, तिची लस, सगळं दिसायला हवं. गायीची ओळख बारा आकडी झाली. तिच्या शिरेत मध्यरात्री सुई कुणी घातली, कुणाच्या सांगण्यावरून घातली, ताप किती होता, यासाठी मात्र कुठेच रकाना नाही. मी अ‍ॅपला शिव्या देणाऱ्यांपैकी नाही, नेटवर्क नसलं तर सोडून. मला तो रकाना हवा आहे.

मला डॉक्टर म्हणू नका. नावामागे काही लावू नका. मला एवढंच हवंय की ज्यांच्या देखरेखीखाली मी काम करते असं कायदा म्हणतो, त्यांचं नाव लिखित असावं. तालुक्यात रात्रीची पाळी लागावी, चार डॉक्टरांत एक जण आळीपाळीने, आणि त्या रात्री त्याचा फोन चालू असावा. पाळीच्या दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी द्या, तोही माणूस आहे. मी ताप, नाडी, कासेची अवस्था सांगेन, जमलं तर व्हिडिओ पाठवेन. तो सांगेल, दे किंवा देऊ नको. ते दोघांच्याही नावाने नोंदलं जाईल. गाय मेली तर दोघंही उत्तर देऊ. नोंद न करता टोचणाऱ्याला खुशाल पकडा. मीही दाखवून देईन कोण ते. आणि हो, हातमोजे, चष्मा आणि रेबीजची लस. हे मागायला लाज वाटते इतकं ते क्षुल्लक आहे.

“हे व्यवहारात शक्य नाही,” असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. शक्य आहे, कारण मी ते पाहिलंय. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक सर होते, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या रिंगला फोन उचलायचे. खोकत म्हणायचे, “आधी थर्मामीटर, मग तोंड उघड, बाळ.” ताप सांगितल्याशिवाय पुढचं एक अक्षर ऐकून घ्यायचे नाहीत. ते होते तोवर माझ्या हातून असं जनावर गेलं नाही. ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा दीड वर्ष रिकामी होती. त्या दीड वर्षातच मी थर्मामीटर पर्समध्ये ठेवायला शिकले.

यंदा आमच्याकडे नवीन डॉक्टर आले आहेत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं की तुम्ही जे करता ते बेकायदेशीर आहे. मी म्हटलं, हो सर, आणि वही पुढे ठेवली. शंभर पानी, पोराच्या शाळेतून उरलेली. तारीख, मालक, बिल्ला नंबर, ताप, काय दिसलं, कुणाला फोन केला, काय दिलं. त्यांनी ती तशीच परत केली. दोन आठवड्यांनी स्वतःच मागितली. आता दर शनिवारी मी दवाखान्यात जाते आणि ते प्रत्येक नोंदीवर सही करतात. या सहीला कायद्यात काय किंमत आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

गेल्या शनिवारी त्यांनी एका नोंदीखाली सही केली नाही. लाल पेनने रेघ मारली आणि समासात लिहिलं, “ताप नाही, मग अँटिबायोटिक का?” मी ती नोंद तीनदा वाचली. गाय आठवली, मालक आठवले, चारशे रुपये घेतलेले आठवले. का दिलं ते आठवेना. वही अजून माझ्याकडेच आहे, त्या रेघेखालची ओळ कोरी.